मीठ कुणी कुणाचं खाल्लं?



मागच्या वेळी बोलणं संपल्यावर एका गटातल्या ताईंनी विचारलं होतं, "आमच्याकडच्या बाया कांद्याच्या चाळीवर कामाला जातात. कागदबिगद काही नसतो. मग मालकानं कसंही वागवलं तरी चालतं का?"

मी तेव्हा म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. हो किंवा नाही म्हणून भागण्यासारखं हे उत्तर नाही. त्यामागे दीडशे वर्षांहून मोठी गोष्ट आहे. मी ती माझ्या लहानपणाच्या जागेपासून सुरू करते, म्हणजे मुंबईतल्या गोरेगावच्या आरे कॉलनीपासून.

आरे म्हटलं की हल्ली लोकांना मेट्रोची कारशेड आणि रात्रीत तोडलेली झाडं आठवतात. आमच्यासाठी आरे म्हणजे दूध. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई शहरात गल्लोगल्ली म्हशींचे तबेले होते. शेण, माश्या, पाणी घातलेलं दूध यांनी लोक हैराण झाले होते. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ठरवलं की म्हशी शहराबाहेर काढायच्या. 1949 साली गोरेगावच्या डोंगराळ जमिनीवर आरे दूध वसाहत उभी राहिली. 1951 च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. सुमारे 1287 हेक्टर जमीन, 32 युनिटं आणि 16,000 म्हशींची सोय असा तो पसारा. खुरोडींना 1963 साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशी मालकांच्या, गोठे आणि जमीन सरकारची, दूध सरकार घेणार, असा व्यवहार. मालकाकडे परवाना असे, त्यावर अटी असत, कुठे काय चुकलं तर काय होणार हे लिहिलेलं असे.

माझे वडील डेअरीत बाटल्या धुण्याच्या विभागात होते. सरकारी नोकरी. त्यांची सेवापुस्तिका होती, रजा होती, निवृत्तीनंतर पेन्शन मिळालं. त्याच जमिनीवर तबेल्यात म्हशी पिळणारे भय्ये होते. पहाटे दोनला उठायचे आणि गोठ्याच्या माळ्यावर झोपायचे. त्यांचा सगळा करार मालकाच्या तोंडात. आणि या दोघांच्याही आधीपासून तिथे राहणारे वारली लोक होते, पाड्यांवरचे. आरेत असे 27 पाडे मोजतात. त्या बाया गवत कापायच्या, लाकडाची मोळी आणायच्या, पावसाळ्यात रानभाज्या विकायच्या आणि पुढे गोरेगावात इमारती उठल्या तशा घरकामाला जाऊ लागल्या. जमीन एकच, पाणी एकच, आणि कामाचे तीन कायदे. लहानपणी मला यात काही वेगळं वाटलं नाही. वडिलांना पगार येतो आणि मावशीला बाई पैसे देते, एवढंच कळायचं.

ही मावशी म्हणजे पाड्यावरची, नात्यातली नाही, पण आम्हा भावंडांना अंगाखांद्यावर खेळवलेली. तिने एका घरात नऊ वर्षं काम केलं. त्या घरातलं बाळ तिच्याच हातात वाढलं. एके दिवशी घरात सोन्याची साखळी सापडेना. कुणी पोलिसात गेलं नाही, तिला काही विचारलंही नाही. सरळ सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. महिना भरत आला होता, त्याचे पैसेही दिले नाहीत. आठवड्याभरात साखळी कपाटामागे सापडली. हे तिला त्याच घरी येणाऱ्या दूधवाल्याकडून कळलं. घरच्यांनी काही कळवलं नाही. पण तोवर इमारतीत सगळीकडे झालं होतं, "ती चोर आहे." बाकीची दोन घरंही सुटली. ती आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणाली होती, "पैशाचं जाऊ दे गं, माझ्यावर डाग कशाला लावला?"

तो डाग लक्षात ठेवा. पुढे आपल्याला लंडनच्या कोर्टात तोच शब्द भेटणार आहे.

आधी आपली म्हण घेऊ. खाल्ल्या मिठाला जागावं. घराघरात सांगितली जाते, आणि नेहमी चाकरालाच. मालकाने कामगाराच्या घामाला जागावं अशी म्हण मी तरी ऐकलेली नाही. खरं तर मीठ दोघंही खातात. एकाचं ताटातलं आणि दुसऱ्याचं घामातलं. पण इमानदारीची अपेक्षा एकाकडूनच.

ही एकतर्फी गोष्ट म्हणीपुरती नव्हती, कायद्यात होती. 1859 साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. कारागिराने किंवा मजुराने उचल घेतली आणि काम सोडलं, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मॅजिस्ट्रेट त्याला काम पुरं करायला किंवा पैसे परत करायला सांगणार. तरी ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. हा कायदा सुरुवातीला कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी होता, नंतर इतर भागांनाही लागू होत गेला. नीट बघा काय आहे ते. करार दोघांचा. मालकाने पैसे बुडवले तर तो दिवाणी वाद, कोर्टाच्या पायऱ्या झिजवा. मजुराने काम सोडलं तर गुन्हा, तुरुंग. हा कायदा 1925 साली रद्द झाला. साठ-सत्तर वर्षं तो चालला. उचल हा शब्द आपल्याकडे ज्यांना ऊसतोडीच्या कोयत्यामुळे माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको की कायदा गेला तरी रीत गेली नाही.

पाड्यांवरच्या वारल्यांची गोष्ट तर याहून वाईट. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात लग्नगडी नावाची पद्धत होती. मुलाच्या लग्नासाठी जमीनदाराकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचं नाही. कर्ज घेणारा एक, पण राबणारी दोन माणसं. त्या बाईला कुणी विचारलेलं नसायचं. तिच्या वाट्याला काय काय यायचं हे गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. 1945 साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी नाकारली. त्या लढ्यात गोळीबार झाला, माणसं गेली. वेठबिगारीला देशभर बंदी घालणारा कायदा यायला मात्र 1976 उजाडलं.

आता कुणी म्हणेल, हे जमीनदारांचं झालं, पगारी नोकरीचं काय? तर पगारी नोकरीतही जुना विचार असा होता की करारात लिहिलंय तेवढंच. लिहिलं आहे की महिन्याची नोटीस देऊन काढता येईल, तर काढता येईल. कारण का, हे कोर्ट विचारणार नाही. तू सही केली आहेस ना?

हा विचार आपल्याकडे मोडला तो मुंबईतच, आणि योगायोग असा की 1949 सालीच, म्हणजे आरेत म्हशी आल्या त्याच वर्षी. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था. तिच्या कामगारांचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे गेला. काढलेल्या कामगारांना परत घ्यावं की नाही हा प्रश्न होता. संस्था म्हणाली, परत घ्यायला लावण्याचा अधिकारच न्यायाधिकरणाला नाही. तेव्हा सुप्रीम कोर्ट व्हायचं होतं, दिल्लीत फेडरल कोर्ट होतं. त्या कोर्टाने सांगितलं की कामगारांच्या वादात न्यायाधिकरणाचं काम करारातले शब्द वाचून दाखवण्यापुरतं नाही. ते जुन्या करारात बदल करू शकतं, दोन्ही बाजूंवर नवी बंधनंही घालू शकतं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचा हा अर्थ लागला आणि नोकरी ही कांदे-बटाट्याच्या सौद्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे हे पक्कं झालं.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो 1965 चा एक निकाल. आपल्या बायांचा आहे म्हणून जरा सावकाश सांगते.

मुंबईत औषधांची एक कंपनी होती, इंटरनॅशनल फ्रँचायझेस. तिच्या एका विभागात बाया काम करत. नियम असा की नोकरी फक्त बिनलग्नाच्या मुलींना. लग्न झालं की नोकरी संपली. मुलीने नोकरी धरतानाच हे मान्य केलेलं असे, त्यामुळे कागदावर कंपनी एकदम बरोबर होती. बॉम्बे लेबर युनियनने हा नियम काढून टाका अशी मागणी केली. न्यायाधिकरणाने ती फेटाळली. युनियन सुप्रीम कोर्टात गेली.

कंपनीचं म्हणणं काय होतं? या विभागात बाया एकत्र टोळीने काम करतात, एक गैरहजर राहिली तर सगळ्यांचं अडतं. लग्न झालेल्या बाया जास्त खाडे करतात. आणि दुसऱ्या औषध कंपन्यांतही असाच नियम आहे.

कोर्टाने एकेक मुद्दा घेतला. काम टोळीने करायचं आहे म्हणून लग्न झालेल्या बायांना ते जमणार नाही, असं होत नाही. आणि खाडे? लग्न झालेली बाई मुलाबाळांमुळे जास्त खाडे करते असं म्हणायचं असेल, तर मुलं असलेल्या विधवेचंही तेच होईल. पण विधवेला तुमच्या नियमात बंदी नाही. मग हा नियम नक्की कशासाठी? कोणी गैरहजर राहील म्हणून थोडी जास्तीची माणसं ठेवा, रजेची सोय तशीच करतात. दुसरे करतात म्हणून तुम्ही करता हे काही कारण होत नाही. ऑक्टोबर 1965 मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा विधवेच्या मुद्द्यावर थांबले. आपल्या घरात जसा एखादी सासू सुनेच्या बाजूने चोख सवाल टाकते तसा तो आहे. त्या मुलींनी अट मान्य करून सही केली होती, तरी अट टिकली नाही. मालकाला अटी घालायचा हक्क आहे, पण अट योग्य असली पाहिजे आणि तिला पटणारं कारण पाहिजे. हे त्या करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरी ते त्यात होतं.

पुढे आमच्या आरेपासून काही मैलांवर, सांताक्रूझच्या विमानतळावरून उडणाऱ्या एअर इंडियाच्या हवाई सुंदरींनी असाच लढा दिला. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. त्यांच्या नोकरीच्या नियमात होतं की वय 35 झालं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा दिवस गेले, यातलं जे आधी होईल तेव्हा निवृत्त व्हायचं. 1981 साली सुप्रीम कोर्टाने दिवस गेल्यावर काढण्याचा नियम अत्यंत कडक शब्दांत रद्द केला. पण चार वर्षं लग्न करू नका हा नियम तेव्हा कोर्टाने चालू दिला. सगळे निकाल आपल्या बाजूचे असतात असं समजू नका.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट झाली. 1971 साली राज्याने कायदा केला आणि 8 सप्टेंबर 1975 पासून तो अमलात आला. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध, असं त्याचं लांबलचक नाव. आपण 'अनुचित प्रथांचा कायदा' म्हणू. यात मालकाने काय केलं तर ते बेइमानी ठरेल याची यादीच आहे. कामावरून काढण्यामागे खरं कारण एक आणि दाखवलेलं दुसरं. किरकोळ चुकीला भलती मोठी शिक्षा. बाजू मांडायची संधी न देता काढणं. झालेला समझोता न पाळणं. आणि एक कलम असं आहे की जे ऐकून कितीतरी बाया म्हणतात, हे तर आमचंच: कामगाराला वर्षानुवर्षं बदली, रोजंदारी किंवा तात्पुरता म्हणून ठेवायचं आणि कायम कामगाराचे हक्क मिळू द्यायचे नाहीत. घटना घडल्यापासून 90 दिवसांच्या आत तक्रार करावी लागते, हे मात्र विसरू नका. त्या दिवसांतच बऱ्याच जणी "बघू, बोलावतील परत" म्हणून थांबतात.

त्या तात्पुरत्याच्या कलमाची खरी परीक्षा पुण्याला झाली. वन खात्याने पुण्याजवळच्या उघड्या टेकड्यांवर झाडं लावायची योजना काढली होती. पाचगाव पर्वती हे नाव पुण्याकडच्या मैत्रिणींना माहीत असेल. तिथले मजूर पाच-सहा वर्षं कामावर होते. वर्षातून कधी शंभर दिवस, कधी तीनशेच्या वर. तरी कागदावर हंगामी. ते औद्योगिक न्यायालयात गेले. सरकार म्हणालं, आम्ही काही कारखाना नाही, राज्यकारभार करतो. शिवाय कायद्यात लिहिलं आहे की हक्क बुडवण्याच्या हेतूने तात्पुरतं ठेवलं तरच ती अनुचित प्रथा. हेतू होता हे मजुरांनी सिद्ध करावं.

आता विचार करा, खड्डे खणणाऱ्या मजुराने साहेबाच्या मनातला हेतू कसा सिद्ध करायचा? 1995 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं. इतकी वर्षं तात्पुरतं ठेवलं यातूनच हेतू दिसतो. गरीब मजुरावर त्याचं ओझं टाकायचं नाही. आणि झाडं लावणं हा काही राजाचा राज्यकारभार नव्हे. मजूर जिंकले.

यानंतर दोन वर्षांनी लंडनला जो निकाल लागला तो मावशीच्या डागाचा. बीसीसीआय नावाची मोठी बँक होती, बऱ्याच देशांत तिच्या शाखा. 1991 साली तिचा प्रचंड घोटाळा बाहेर आला आणि ती बंद पडली. तिथल्या दोन कर्मचाऱ्यांनी, मलिक आणि महमूद यांनी, दावा केला. घोटाळ्यात त्यांचा काही हात नव्हता. पण या बँकेत काम केलेलं म्हटल्यावर त्यांना दुसरं कुणी कामावर घेईना. मालकाच्या बेइमानीचा डाग आमच्या अंगावर आला, असं त्यांचं म्हणणं. जून 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं की नोकरीच्या प्रत्येक करारात, लिहिलेलं असो वा नसो, मालकावर एक बंधन असतं. योग्य कारणाशिवाय त्याने असं वागायचं नाही की ज्याने दोघांमधला विश्वासच मोडून पडेल. बंधन मोडलं आणि त्यातून कामगाराचं नुकसान झालं, तर भरपाई मागता येईल. ज्या देशाने आपल्याला 1859 चा कायदा दिला त्याच देशात हे घडलं. तिथेही नोकराने मालकाशी इमान राखावं हा नियम फार जुना. मालकानेही राखावं हे मात्र कालपरवाचं.

आपल्याकडे हे तत्त्व त्याच नावाने फारसं चालत नाही. आपण ते कामगार कायद्यांच्या, संविधानाच्या आणि संघटनांच्या वाटेने मिळवलं. आणि ते मिळवताना सगळ्यात जास्त भांडण झालं ते नावावरून. म्हणजे काम करणाऱ्याला काय म्हणायचं, यावरून.

मुंबई महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांवरच्या कंत्राटी कामगारांचं उदाहरण बघा. त्यांना कामगार म्हटलं की कायदे लागू होतात. म्हणून एका टप्प्यावर कंत्राटदारांना सेवाभावी संस्था केलं गेलं, कामगारांना स्वयंसेवक आणि मजुरीला मानधन. शहराचा कचरा हाताने उचलणारी माणसं जणू हौसेने आली होती! कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं ही लढाई चालवली. 2014 साली औद्योगिक न्यायाधिकरणाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला, हायकोर्टाने तो उचलून धरला आणि एप्रिल 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानेही. नाव काहीही द्या, काम कोण सांगतं, हजेरी कोण घेतं, काम रोजचं आहे की नाही, हे बघितलं जातं. त्याआधी 2009 साली एस.टी.च्या सफाई कामगारांच्या खटल्यातही सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की अनुचित प्रथा चालवली असेल तर कायम करण्याचा आदेश द्यायचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार शाबूत आहे. अर्थात जिथे पदच नाही तिथे न्यायालय ते निर्माण करू शकत नाही, असंही म्हटलं. तेही सांगायला हवं.

मानधन म्हटल्यावर ऐकणाऱ्या अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई हसल्या असतील. सेविका, मदतनीस, मानधन. 1975 पासून अंगणवाड्या चालल्या आहेत. सकाळची हजेरी, आहार, वजनं, रजिस्टरं, आता मोबाईलवर माहिती भरणं, आणि म्हणे हे नोकरीचं काम नव्हे, सेवा. 25 एप्रिल 2022 ला सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना 1972 च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. मानधन म्हटलं तरी तो त्या कायद्यासाठी पगारच आहे. ज्या ताई निवृत्त झाल्या असतील त्यांनी आपली कागदपत्रं काढून संघटनेच्या माणसाकडे जावं. अलीकडे केंद्राने बरेचसे जुने कामगार कायदे चार संहितांमध्ये गोळा केले आहेत, त्यामुळे आज कोणतं कलम लागतं तेही तिथेच विचारून घ्यावं.

मग चाळीवर कांदा निवडणाऱ्या बाईचं काय? ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. कागद नसला तरी करार असतो. तुम्ही काम केलं, त्याने करून घेतलं, मजुरी ठरली, झाला करार. किमान वेतन त्यात न लिहिता आलं. 1976 च्या समान वेतनाच्या कायद्यापासून बाई म्हणून कमी न देणं त्यात आलं. अंगाला हात न लावणं, घाणेरडं न बोलणं हे 2013 च्या कायद्याने त्यात आलं, आणि जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या बाईसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. अडचण असते ती पुराव्याची. किती दिवस काम केलं, कुणाकडे, किती दराने.

आणि पाड्यावरच्या मावशीचं? इथे मला तुमच्याशी खरं बोलायला हवं. घरकामाला कायदा उद्योग धरत नाही. म्हणून अनुचित प्रथांच्या कायद्याचा दरवाजा तिला उघडला नाही, वन खात्याच्या मजुरांसारखं तिला जाता आलं नाही. पुण्यात 1980 साली घरकामगार बायांनी संप केला, त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने 2008 साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, 18 ते 60 वयाच्या बाईला नोंदणी करता येते. 2013 चा कायदा घरकामगार बाईलाही लागू आहे. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला घरकामगारांसाठी कायदा हवा का याचा विचार करायला समिती नेमायला सांगितलं. पण खोटा आळ घेऊन नऊ वर्षांची नोकरी एका वाक्यात संपवली तर काय, याचं सरळ उत्तर अजून नाही. आरेच्या त्या जमिनीवर माझ्या वडिलांना काढायचं असतं तर साहेबाला कारण लिहून द्यावं लागलं असतं, चौकशी करावी लागली असती. मावशीला कारणही मिळालं नाही. दोघंही तेवढंच पहाटे उठत.

आता दुसरी बाजू. मिठाला जागणं फक्त मालकाचं नाही. कामगारानेही हिशेब खरा ठेवायचा, मालकाचं गिऱ्हाईक फोडून शेजारी स्वतःचं दुकान लावायचं नाही, ऐन दिवाळीत न सांगता काम सोडायचं नाही. आणि मैत्रिणींनो, आपण काही कायम कामगारच नसतो. तुमचा गट पापड लाटतो, शाळेचा आहार शिजवतो, गणवेश शिवतो. ऑर्डर मोठी आली की गटाबाहेरच्या चार जणींना बोलावता. तेव्हा मालक कोण? तुम्ही. एका गटाच्या बैठकीत मी होते, तिथे मसाला कांडायला येणाऱ्या बाईचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते. कारण काय, तर शाळेचं बिल आलं नाही. अध्यक्षताई म्हणाल्या, "तिलाही माहीत आहे आपल्याला पैसे आले नाहीत ते." मी विचारलं, बिल आलं की नफ्यात तिचा वाटा आहे का? नाही. मग तोट्यात का? त्यावर बराच वेळ बोलणं झालं, आवाजही चढले. शेवटी गटाच्या बचतीतून तिचे पैसे आधी द्यायचं ठरलं. एक सदस्य नाराज होऊन उठून गेली, पुढच्या बैठकीला आली.

मावशी आता थकली. तिची सून दोन घरी कामाला जाते. परवा मी पाड्यावर गेले होते तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयकडे माझं लक्ष गेलं. आमच्याकडे दुधाचे खाडे मांडायचे तसे प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं, दूध का? सून म्हणाली, "नाही ताई, माझी हजेरी. कुठल्या घरी गेले, किती वाजता, पैसे कधी दिले. महिना संपला की दोन्ही घरच्या बायकांची सही घेते." पहिल्यांदा एकीला राग आला होता म्हणे, आमच्यावर विश्वास नाही का तुझा? सूनबाईने तिला सांगितलं, "वहिनी, आहे म्हणून तर तुमच्याकडूनच सही घेते."

मावशी खाटेवरून बघत होती. "जुनी कॅलेंडरं टाकत नाही ती," मला म्हणाली. खाटेखाली पत्र्याची पेटी होती, तिच्यात चार वर्षांची ठेवलेली.